१२/१०० : आकड्याच्या मागे काय असतं?

‘चित्रकार हुसेनचा प्रिंट म्हणजे महागडं पोस्टर,’ असं ऐकवणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. तो सरसकट चूक नसतो. प्रश्न चित्र छापलं कसं, हा आहे. चित्रकार लक्ष्मा गौड यांनी धातूच्या पत्र्यावर रेघ ओढली, आम्लाने ती कोरली गेली आणि तिथून कागदावर उतरली. या एचिंगमागे दुसरं कुठलं ‘खरं’ चित्र नाहीच, हेच मूळ. हुसेन यांचे बरेच सेरिग्राफ मात्र आधीच्या पेंटिंगवरून, रंगागणिक वेगळी जाळी लावून कारागिरांनी छापलेले. तेही सहीचे आणि मोजकेच, पण दोन्ही एकाच तागडीत तोलू नयेत. ‘जिक्ले’ हे भारदस्त नाव तर चांगल्या प्रतीच्या इंकजेटचं आहे.

आणखी एक हट्ट १/१००, म्हणजे शंभर प्रतींपैकी पहिली, मिळवण्याचा. छापलेले कागद वाळले की कलाकार गठ्ठा घेऊन बसतो आणि पेन्सिलने आकडे घालतो. आधी छापलेल्यालाच पहिला आकडा मिळेल असं नाही. ड्रायपॉइंटमध्ये सुईने उचललेली धातूची कड दाबाखाली झिजते, तिथे सुरुवातीच्या प्रती खरोखर भरदार असतात. पण तेही रेघ पाहून कळतं, आकडा पाहून नाही. शिवाय या शंभराबाहेर ‘ए. पी.’ लिहिलेल्या कलाकाराच्या प्रती असतात, साधारण दहा टक्के. त्या किती, आणि पत्रा नंतर पुन्हा छापता येऊ नये म्हणून रद्द केला का, हे विचारायला लाजू नका.

सहीचंही तसंच. साल्वादोर दालींनी कोऱ्या कागदांवरच ढिगाने सह्या केल्या, त्यावर काय छापलं जाईल याचा नेम उरला नाही. उलट पिकासोच्या १०० एचिंगच्या ‘व्होलार्ड सूट’मधल्या कितीतरी अस्सल प्रतींवर सहीच नाही, १९३९ साली प्रकाशक व्होलार्ड अपघातात गेला आणि सह्यांचं काम रखडलं.

‘जुनं म्हणजे दुर्मीळ’ हेही खरं नाही. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापील चित्रं, बहुतांशी घरोघरच्या देव्हाऱ्यांसाठी होती.

घेतल्यावर फ्रेमवाल्याला कडा कापू देऊ नका. पत्र्याच्या दाबाची खूण आणि आकडा तिथेच असतात. साध्या पुठ्ठ्याऐवजी आम्लमुक्त माउंट मागा, नाहीतर आपल्या दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके येतात. आणि चित्र फ्रेमबाहेर काढून दाखवायला विक्रेता का-कू करत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.