उघडून बघ, असं सांगणारं यंत्र

‘त्यात हात घालू नकोस, शॉक बसेल!’ हे वाक्य न ऐकलेली मुलगी आपल्यात शोधूनच काढावी लागेल. फ्यूज उडाला, दादाला बोलाव. मिक्सर बंद पडला, राहू दे, हे आल्यावर बघतील. दिवसभर यंत्रं वापरायची आपण आणि त्यांच्या पोटात काय आहे ते बघायचं दुसऱ्यांनी! सांगणारे काळजीपोटीच सांगतात. पण त्या काळजीने आपले हात बांधले गेले ते गेलेच. म्हणूनच आज मला एका अशा यंत्राबद्दल सांगायचंय, ज्याच्या पोटात ते बनवणाऱ्यांनीच दुरुस्तीचं सामान ठेवून दिलं होतं.

त्या यंत्राचं नाव ऑसिलोस्कोप. आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याला ‘सीआरओ’ म्हणतात. दवाखान्यात ईसीजीची सरकणारी हिरवी रेघ आपण पाहिलेली असते ना, तसंच काहीसं. तारेतून जाणारी वीज डोळ्यांना दिसत नाही, ती हा स्कोप पडद्यावर काढून दाखवतो. रेडिओ असो, टीव्ही असो, नाही तर रडार, ते नीट चालतंय की नाही हे तपासायचं ते याच्यावर. म्हणजे यंत्रांचा हा डॉक्टरच म्हणा!

मी कला शाखेची, विज्ञानाशी नातं दहावीलाच सुटलेलं. तरीही हे सगळं मला माहीत आहे ते माझ्या सासऱ्यांमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एका सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर इतरांनी तीर्थयात्रा केल्या, अण्णांनी पुण्याचा जुना बाजार केला! दर रविवारी पिशवीत काहीतरी घेऊनच घरी यायचे. कधी काटा अडकलेला मल्टिमीटर, कधी नॉब तुटलेला सिग्नल जनरेटर. सासूबाई म्हणायच्या, ‘घरात माणसांना जागा नाही आणि हे भंगार कुठे ठेवू?’ अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, ‘भंगार नाही गं ते. फक्त कुणी विचारपूस केली नाही त्याची.’

या भंगारात त्यांचा जीव अडकलेला असतो तो ‘टेक्ट्रॉनिक्स’ कंपनीच्या स्कोपमध्ये. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात १९४६ मध्ये हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी साथीदारांसह ही कंपनी काढली. पुढे ती जवळच्याच बीव्हर्टनला गेली. त्यांचा पहिला स्कोप, ५११ नावाचा, १९४७ मध्ये बाजारात आला. त्याआधीच्या बऱ्याचशा स्कोपवर चित्र पळत राहायचं, ते धड मोजताच यायचं नाही. यांनी काय केलं, तर लाट दर वेळी एका ठरावीक ठिकाणी आली की तिथूनच चित्र काढायला सुरुवात करायची. पाळणा प्रत्येक वेळी त्याच टोकाला आला की तेवढेच डोळे उघडले, तर तो हलतोय असं वाटेल का? तसंच हे. चित्र स्थिर झालं आणि आडवं-उभं अंतर बघून वेळ आणि व्होल्टेज मोजता यायला लागलं. नुसतं बघायचं यंत्र मोजायचं यंत्र झालं.

नोकरीच्या सुरुवातीला अण्णांच्या हाती आला तो याच कंपनीचा ५४५. व्हॉल्व्हवर चालणारा, तीस किलोच्या आसपास वजनाचा. त्याच्या आत पांढऱ्या चिनी मातीच्या पट्ट्या बसवलेल्या आणि त्या पट्ट्यांच्या खाचांमध्ये एकेक भाग ओळीने सोल्डर केलेला. फराळाच्या ताटासारखं सगळं आखीवरेखीव! या खाचांना आतून चांदीचा पातळ थर असतो. साधं कथील-शिशाचं सोल्डर पुन्हा पुन्हा वापरलं, तर ते ही चांदी हळूहळू आपल्यात ओढून घेतं आणि खाच निकामी होते. त्यासाठी थोडीशी चांदी मिसळलेलंच सोल्डर लागतं. आता हे दुरुस्त करणाऱ्याला कुठून मिळणार? म्हणून कंपनीने अशा सोल्डरचं छोटंसं रीळ स्कोपच्या आतच अडकवून दिलं होतं.

अण्णांनी हे सांगितलं तेव्हा मला एकदम माहेरच्या शिवणकामाच्या डब्याची आठवण झाली. आई नव्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला जास्तीचं बटण टाचून ठेवायची. तुटणार हे गृहीत धरलेलं आणि लावणारं कुणीतरी असेल याची खात्रीही!

नुसतं सोल्डरच नाही, तर सोबत जाडजूड पुस्तकही यायचं. त्यात अख्ख्या यंत्राची सर्किटची आकृती, प्रत्येक भागाचा नंबर, कुठे किती व्होल्टेज यायला हवं ते, सगळं उघडउघड छापलेलं. पुढच्या काळातल्या काही पुस्तकांत तर आकृतीच्या कोपऱ्यात कुणा चित्रकाराने गमतीचं छोटंसं चित्रही काढून ठेवलेलं असायचं. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, हे स्कोप जोडणाऱ्या कामगारांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कॉइल गुंडाळणं, तारा जोडणं, सोल्डर करणं ही कामं त्यांच्या हातची. त्या काळचे कारखान्याचे फोटो पाहिले की रांगेने बसलेल्या, मान खाली घालून काम करणाऱ्या बायका दिसतात. म्हणजे ‘हे बायकांचं काम नाही’ असं म्हणणाऱ्यांनी स्कोप उघडूनच बघितला नव्हता म्हणायचा!

आता अण्णांनी ऐंशी ओलांडलीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण खरा त्रास हातांचा आहे, हात थरथरतात. बिघाड कुठे आहे ते त्यांना पाच मिनिटांत कळतं, पण सोल्डरिंग आयर्न धरता येत नाही. वर्षभरापूर्वी ते एकदा म्हणाले, ‘हे सगळं माझ्याबरोबरच जाणार बघ.’ दोन-तीन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी ज्या वस्तीत काम करते तिथे दोन मुली होत्या. एक बारावीनंतर घरी बसलेली, दुसरी लग्न मोडून वर्षाच्या लेकराला घेऊन माहेरी आलेली. शिवणकाम, मेंदी, पापड, सगळे क्लास करून झालेले. मी विचारलं, ‘यंत्रं दुरुस्त करायला शिकाल का गं?’ त्यातली थोरली म्हणाली, ‘ताई, पण शॉक बसला तर?’

अण्णांनी पहिले आठ दिवस फक्त तेच शिकवलं, शॉक बसू नये म्हणून काय करायचं ते. स्कोपच्या पडद्यासाठी आत काही हजार व्होल्ट असतात. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये वीज भरून राहते, ती आधी रीतसर उतरवायची. चालू यंत्रात बघायचं तर एक हात पाठीमागे. स्कोपची अर्थची क्लिप वाटेल तिथे अडकवायची नाही, आणि घरातल्या विजेला जोडलेलं काही तपासायचं असेल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. ‘भीती वाटणं चांगलं, पोरींनो,’ अण्णा म्हणाले, ‘पण भीतीला नियम लावले की तिची सावधगिरी होते.’ मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. वस्तीत बायकांच्या बैठकीत किती ठिकाणी उपयोगी पडतं म्हणून सांगू!

मग आला ४६५. टेक्ट्रॉनिक्सचाच, पण १९७२ मध्ये निघालेला, ट्रान्झिस्टरचा, दहा-अकरा किलोचा. एका लिलावातून भंगारवाल्याकडे गेलेला अण्णांनी किलोच्या भावाने उचलला होता. जुनं यंत्र घरी आणलं की लगेच प्लगमध्ये घालायचं नाही, हा पहिला धडा. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कंडेन्सर सुकलेले असतात. आधी स्वच्छता, मग डोळ्यांनी तपासणी, मग सिरीज बल्ब लावून, डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवत न्यायचं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पंगतीला बसवत नाहीत, तसंच. मुलींना गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. टेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्ती केंद्रांत धुळीने माखलेले स्कोप चक्क सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, कोमट हवेत पूर्ण वाळवून मग हातात घेत. ‘म्हणजे आपल्यालाच येतं की हे!’ धाकटी म्हणाली आणि आम्ही सगळ्याच हसलो.

४६५ सुरूच होईना. अण्णांनी पुस्तक उघडून दिलं आणि म्हणाले, ‘पडदा, नॉब काही बघू नका. आधी वीजपुरवठा बघा.’ त्या स्कोपला आत पाच वेगवेगळी व्होल्टेज लागतात: ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८. यातलं एक जरी बसलं तर सगळंच बिनसतं आणि बिघाड भलत्याच ठिकाणी आहे असं वाटतं. मला हे इतकं पटलं! घरात भांडणं होतात म्हणून एखादी बाई माझ्याकडे येते, तेव्हा मी पण आधी विचारते, ‘जेवलीस का? रात्री झोप लागते का?’ पुढचं सगळं नंतर.

मुलींना १५ व्होल्टच्या जागी जवळपास शून्य मिळालं. स्कोप बंद करून, वीज उतरवून मल्टिमीटरने मोजलं, तर ती लाइन जमिनीला टेकलेली, म्हणजे शॉर्ट. या स्कोपमध्ये टँटेलमचे छोटे, थेंबासारखे कंडेन्सर असतात आणि म्हातारपणी ते असे शॉर्ट होतात, हा त्यांचा प्रसिद्धच आजार. पण त्या लाइनवर असे बरेच असतात. त्यातला चोर कोणता? आकृती बघायची, एकेकाचा एकच पाय सोडवायचा, पुन्हा मोजायचं. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी थोरलीने एक पाय उचलला आणि मीटरचा आकडा वर गेला. दोन रुपयांच्या नाण्याहून लहान भाग! बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून तशाच मापाचा नवा आणला. संध्याकाळी पडद्यावर हिरवी रेघ उमटली. अण्णांनी चष्मा पुसला, काही बोलले नाहीत.

पण यंत्र चालू झालं म्हणजे काम झालं, असं नाही बरं का. मोजणारं यंत्र बरोबर मोजतंय की नाही, हे कोण बघणार? भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, तसं याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. भरवशाच्या यंत्राशी ताडून बघायचं, ते यंत्र त्याहून भरवशाच्या यंत्राशी, अशी साखळी थेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. देशाची मोजमापं तिथे सांभाळली जातात. स्कोपच्या पुढच्या बाजूलाच एक चौकोनी लाट मिळते. प्रोब तिला लावायचा आणि बारीक स्क्रू फिरवून लाटेचे कोपरे काटकोनात आणायचे. कोपरा गोलसर दिसला तर दोष लाटेत नाही, आपल्या बघण्यात आहे. अंगणवाडीत बाळांची वजनं करताना मला हे हमखास आठवतं. वजनकाटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर कमी वजनाचं बाळ तक्त्यात धडधाकट ठरेल आणि त्याच्या आईला कुणी काही विचारणारच नाही. चुकीचं माप म्हणजे नुसता चुकीचा आकडा नसतो.

तुम्ही म्हणाल, आता नवा डिजिटल स्कोप पंचवीस-तीस हजारांच्या आसपास मिळतो, मग या जुन्याचा एवढा अट्टहास कशाला? मीही अण्णांना हेच विचारलं होतं. ते म्हणाले, ‘नवा वापरायला चांगला, जुना शिकायला.’ जुन्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि पुस्तकात सापडतो. पुढे बऱ्याच वस्तूंच्या पुस्तकांतून आकृत्याच गायब झाल्या. ‘अख्खं बोर्ड बदला’ म्हणायचं की झालं. आपल्या सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पाठोपाठ त्याचं पोर्टलही सुरू केलं. चांगलंच आहे. पण हक्क कागदावर आला तरी उघडायची सवय असलेले हात हवेत ना!

आमच्या थोरलीकडे आता वस्तीतल्या मिक्सर, इंडक्शन शेगड्या येतात. फार पैसे मिळतात असं नाही, पण लेकराच्या दुधाचे आणि औषधाचे सुटतात. परवा शेजारच्या काकांनी तिला विचारलं, ‘दुकानातल्या मुलाला दाखवू की तुला?’ हा ‘की तुला’ ऐकायला वर्ष लागलं.

४६५ मात्र अजून पूर्ण बरा झालेला नाही. एका नॉबच्या मागे सोन्याचा मुलामा दिलेल्या नाजूक पात्यांचा स्विच आहे. मुलींनी कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून एकेक पातं अलगद साफ केलं, पण एक पातं मुळातच मोडलेलं आहे. ते बाजारात मिळत नाही. मिळालं तर दुसऱ्या एखाद्या मेलेल्या ४६५ मधूनच. बीव्हर्टनला ‘व्हिंटेज-टेक’ नावाचं संग्रहालय आहे, तिथे कंपनीतले निवृत्त लोक स्वयंसेवक म्हणून असेच जुने स्कोप चालते ठेवतात. आपल्याकडे हे काम माळ्यावर आणि रद्दीच्या गठ्ठ्यांत पडून आहे.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. वडिलांची, सासऱ्यांची खोली आवरताना जुना मीटर, सीआरओ, नाही तर तेलकट डागांचं इंग्रजी जाडजूड पुस्तक सापडलं, तर किलोवर घालायच्या आधी जवळच्या आयटीआयमध्ये, एखाद्या शिकणाऱ्या मुलीला विचारा. यंत्र नाही दिलंत तरी चालेल. पण ते पुस्तक तेवढं रद्दीत देऊ नका.