नंबर सतरावा, पण वेळ कोणती? दवाखान्याची अपॉइंटमेंट समजून घेताना

“संध्याकाळी साडेसहाला या, तुमचा सतरावा नंबर.”

पनवेलमधल्या बहुतेक दवाखान्यांत फोन केला की साधारण असेच उत्तर मिळते. माणूस बरोबर साडेसहाला पोहोचतो. साडेसात होतात, आठ वाजायला येतात, तरी नाव पुकारले जात नाही. मग रिसेप्शनवरच्या ताईंशी वाद सुरू होतो. “तुम्हीच साडेसहाला बोलावलं होतं ना?”

या वादाचे मूळ एका छोट्या गैरसमजात आहे. साडेसहा ही डॉक्टर बसण्याची वेळ असते, तुमची नव्हे. तुम्हाला मिळालेला असतो तो फक्त रांगेतला क्रम. या क्रमाला दोन गोष्टी कळत नाहीत: तुमची पाळी किती वाजता येईल, आणि तुमच्या आजाराला किती घाई आहे. या दोन्ही गोष्टी आपण कशा सांभाळायच्या, हे इथे पाहू.

नंबर आणि अपॉइंटमेंट यांत फरक काय?

बोलताना आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात दवाखान्यांत तीन पद्धती चालतात.

पहिली, येईल तसा नंबर. दवाखान्यात जाऊन वहीत नाव लिहायचे आणि बसायचे. गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांकडे अजूनही हीच पद्धत दिसते.

दुसरी, फोनवरचा नंबर. ठरावीक वेळात फोन किंवा व्हॉट्सॲप करून नाव द्यायचे. क्रम मिळतो, वेळ मिळत नाही.

तिसरी, वेळेची अपॉइंटमेंट. दंतवैद्य, डोळ्यांचे डॉक्टर, सोनोग्राफी सेंटर आणि मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञ साधारणपणे अशी वेळ देतात. प्रॅक्टोसारख्या ॲपवर दिसते तीही अशीच. मात्र काही ठिकाणी ॲपवर घेतलेली वेळ आणि दवाखान्यातली वही यांचा मेळ नसतो. म्हणून ॲपवर वेळ घेतली तरी एकदा फोन करून “माझं नाव तुमच्याकडे आलंय का?” असे विचारून घ्यावे.

पहिल्यांदा जाताना एकच प्रश्न विचारायचा: “ही माझी वेळ आहे की नंबर?” निम्मा मनस्ताप तिथेच वाचतो.

इतके थांबावे का लागते?

डॉक्टर उशिरा आले तर थांबावे लागतेच. पण डॉक्टर वेळेवर आले तरी रांग लांबते, आणि त्यामागे गणित आहे.

इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांचा अभ्यास मांडला. एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे लागतात म्हणून दर पाच मिनिटांनी एकाला बोलावले, तर सगळे सुरळीत चालेल असे वाटते. तसे होत नाही. कोणाला दोन मिनिटे पुरतात, कोणाला बारा लागतात. बारा मिनिटांच्या रुग्णामुळे मागे पडलेला वेळ सहजासहजी भरून निघत नाही, तो पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला जातो. उलट रुग्णांमध्ये जास्त अंतर ठेवले तर मध्येच डॉक्टर रिकामे बसतात. बेलींनी सुचवलेला मार्ग असा: सुरुवातीला दोघांना बोलवा आणि नंतर सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला.

आपल्याकडे सतरा जणांना एकाच वेळी बोलावले जाते. त्यात डॉक्टर कधीच रिकामे बसत नाहीत, रुग्ण मात्र थांबतात. शिवाय मध्येच ताप चढलेले मूल येते, पडून जखम झालेले आजोबा येतात, रिपोर्ट दाखवायला कोणी “दोनच मिनिटं” म्हणून आत जाते.

२०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांतील डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा आढावा आला होता. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. भारत पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ मिळणाऱ्या देशांत होता. म्हणजे दीड तास थांबून हातात येतात ती काही मिनिटेच. ती वाया जाऊ न देणे हे अपॉइंटमेंट सांभाळण्यातले महत्त्वाचे काम आहे.

आपली वेळ कशी काढायची?

निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा. डॉक्टर बसले का? आता कितवा नंबर चालू आहे? तासाला साधारण किती पेशंट होतात?

समजा, डॉक्टर साडेसहाला बसले आणि तासाला दहा रुग्ण पाहतात. म्हणजे एकाला सहा मिनिटे. तुमचा नंबर सतरावा असेल तर तुमच्या आधी सोळा जण आहेत. सोळा गुणिले सहा म्हणजे ९६ मिनिटे. तुमची पाळी आठ वाजून पाच-दहा मिनिटांनी येईल. काही जण आलेच नाहीत तर ती लवकर येऊ शकते, म्हणून साडेसातपर्यंत पोहोचावे. साडेसहापासून बसून राहण्याची गरज नाही.

पनवेलकरांना हा हिशेब विशेष उपयोगी पडतो. सीएसएमटीहून पनवेल लोकलला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. सहाच्या सुमारास तिकडून निघणाऱ्याला सतरावा नंबर सोयीचाच आहे, त्याने पहिला नंबर घेऊन तो चुकवण्यात अर्थ नाही. याउलट नेरे, वावंजे, आपटा अशा गावांतून एसटीने येणाऱ्या आजींसाठी रात्री आठची पाळी म्हणजे परतीच्या गाडीची चिंता. त्यांच्यासाठी सकाळचा नंबरच घ्यावा आणि फोनवर “गावाहून यायचं आहे, परतीची गाडी अमुक वाजता आहे” असे आधीच सांगावे. बऱ्याच ठिकाणी सांगितले तर मदत होते, न सांगितलेले कोणाला कळणार?

फोनवर काय सांगायचे?

“डॉक्टर आहेत का?” एवढेच विचारून फोन ठेवू नका. रुग्णाचे नाव, वय, आधी आलात की पहिल्यांदाच, आणि काय होतेय हे एका वाक्यात सांगा. “आईला, वय ६८, तीन दिवस ताप आहे, आजपासून खाणं बंद आहे” हे ऐकल्यावर रिसेप्शनवरच्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारता येते. काय होतेय ते फोनवर सांगायला संकोच वाटत असेल तर “नाजूक तक्रार आहे, डॉक्टरांशीच बोलायचं आहे” म्हणा, तेही पुरते.

फी किती, हेही निःसंकोच विचारा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आपली फी दवाखान्यात फलकावर लावायची असते. फेरतपासणीला किती दिवसांत आल्यास वेगळी फी लागत नाही, हे प्रत्येक दवाखान्यात वेगळे असते. तेही तेव्हाच विचारून ठेवावे.

कोणत्या आजारात नंबर लावायचाच नाही?

रांगेतला खरा धोका उशिराचा नाही, गप्प बसण्याचा आहे. छातीत जड वाटतेय, घाम फुटलाय, पण “ॲसिडिटी असेल” म्हणून माणूस बाविसावा नंबर धरून कोपऱ्यात बसून राहतो. वही त्याला बाविसावाच म्हणणार. घाई आहे हे वहीला कळत नाही, ते तोंडाने सांगावे लागते.

छातीत दाब किंवा दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, झटके येणे, गरोदरपणात रक्तस्राव, सर्पदंश, बाळ दूध ओढत नसणे किंवा निपचित पडणे. यांतले काहीही असेल तर नंबरची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. संध्याकाळच्या ओपीडीची वाट पाहण्यात ती वेळ निघून जाते.

कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. त्यासाठी उद्याचा नंबर चालत नाही.

रांगेत बसल्यावर त्रास वाढला, तर उठून सांगा. तुम्ही पुढे असाल आणि मागच्याची तब्येत बिघडलेली दिसली, तर आपला नंबर त्याला द्या. आज त्याची वेळ आहे, उद्या आपली असू शकते.

सरकारी रुग्णालयात कसे चालते?

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत सुरुवात केसपेपरपासून होते. आधी केसपेपर, मग योग्य विभागाची रांग, मग तपासणी आणि शेवटी औषधांची खिडकी. एकूण वेळ या सगळ्या रांगांची बेरीज असते, म्हणून ओपीडी सुरू होतानाच पोहोचणे चांगले. हाडांचे, कानाचे किंवा त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपजिल्हा रुग्णालये याच विभागाखाली येतात.

काही रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. १४ आकडी ‘आभा’ क्रमांक काढलेला असेल तर मोबाइलवरून तो कोड स्कॅन करून नाव-पत्ता न लिहिता टोकन मिळते. ही सोय आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली २०२२ मध्ये सुरू झाली. स्मार्टफोन नसेल तरी घाबरू नका, खिडकीवर तोंडी माहिती देऊन केसपेपर काढता येतो.

जाणे जमले नाही तर?

फोन करून नंबर रद्द करा. हा नुसता शिष्टाचार नाही. वेळेची अपॉइंटमेंट असेल तर तुमच्या न सांगता राहण्याने एक जागा रिकामी जाते आणि ती मागणाऱ्याला “आज फुल्ल आहे” असे उत्तर आधीच मिळालेले असते. उशीर होणार असेल तरी कळवा. नंबर हुकला तर शेवटी घेणार की दोन जणांनंतर, हा नियम प्रत्येक दवाखान्यात वेगळा असतो.

प्रत्येक वेळी जावे लागतेच असेही नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा सल्ला घेतल्यास तो फेरतपासणी मानला जातो. रिपोर्ट दाखवणे, चालू गोळ्यांबद्दल विचारणे अशी कामे डॉक्टर तयार असतील तर फोनवर होतात. त्याची फीही असू शकते, कारण तोही डॉक्टरांचा वेळच आहे. सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेवर असा सल्ला मोफत मिळतो.

आत गेल्यावरची पाच मिनिटे

जुनी फाइल आणि रिपोर्ट तारखेनुसार लावून न्या. चालू औषधांच्या पट्ट्याच पिशवीत घाला, “पांढरी छोटी गोळी” एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. त्रास कधीपासून, कशाने वाढतो, आणि तुम्हाला काय विचारायचे आहे, या तीन ओळी कागदावर लिहा. सगळ्यात महत्त्वाची तक्रार पहिल्यांदा सांगा. दाराशी उठताना “अजून एक...” म्हणून सांगितलेली गोष्टच कधी कधी सर्वांत गंभीर असते.

मधुमेहाचे रुग्ण रांगेच्या भीतीने उपाशी बसतात. रक्ततपासणीसाठी उपाशीपोटी यायला सांगितले नसेल तर खाऊन जा, सोबत बिस्किटे आणि पाणी ठेवा.

निघताना पुढची तारीख आणि ती का दिली आहे, हे विचारून फाइलवर लिहून घ्या. बरे वाटले की फेरतपासणी टाळण्याकडे आपला कल असतो. रक्तदाब आणि मधुमेहात मात्र बरे वाटत असतानाच तपासायचे असते. तेव्हा त्या तारखेचा नंबर लावायचा फोन आजच मोबाइलच्या आठवणींत टाकून ठेवा.