बंधनाची किंमत: लग्रांजचा गुणक

मावळात सुदुंबऱ्याजवळच्या भंडारा डोंगराचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे त्याचा माथा. पण माथ्याला न जाता उतारावरून आडवी निघून जाणारी एखादी पाऊलवाट घेतली, तर तिच्यावरचा सर्वांत उंच बिंदू कोणता? उंची जास्तीत जास्त हवी, पण वाट सोडायची नाही. सशर्त इष्टतमीकरण म्हणजे नेमका हाच प्रश्न. वाट समोच्च रेषेला (सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषेला) छेदून जाते तोवर पुढे किंवा मागे सरकून आणखी चढता येते. वाटेवरच्या सर्वोच्च बिंदूशी मात्र ती समोच्च रेषेला केवळ स्पर्श करते.

या स्पर्शाला बीजगणिताचे रूप दिले ते जोसेफ-लुई लग्रांज (१७३६–१८१३) याने. स्पर्शबिंदूशी उंची ज्या दिशेने सर्वांत झपाट्याने वाढते ती दिशा आणि बंधनाच्या, म्हणजे इथे वाटेच्या, फलाची तशीच दिशा एका रेषेत येतात. सर्वांत झपाट्याच्या वाढीची दिशा आणि वेग दाखवणारा सदिश म्हणजे प्रवणता; म्हणून एक प्रवणता दुसरीच्या काही पट असते. ही पट म्हणजे गुणक, लॅम्डा.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या गणितात ही रीत शिकवली जाते. तिचे नेहमीचे उदाहरण असे: ३२ घनमीटर पाणी मावेल अशी, वरून उघडी, आयताकृती टाकी कमीत कमी पत्र्यात कशी बसवावी? तळ आणि चार बाजू मिळून लागणारा पत्रा म्हणजे लांबी × रुंदी + २ × उंची × (लांबी + रुंदी). बंधन एकच: तिन्ही मापांचा गुणाकार ३२. प्रत्येक मापासाठी पत्र्याचा आंशिक अवकलज हा घनफळाच्या आंशिक अवकलजाच्या लॅम्डा पट मांडायचा, आणि ते समीकरण त्याच मापाने गुणायचे. मग तिन्ही समीकरणांची उजवी बाजू सारखीच होते: लॅम्डा × ३२. डाव्या बाजू जुळवल्या की लांबी रुंदीइतकी आणि उंची त्यांच्या निम्मी निघते: ४, ४ आणि २ मीटर. पत्रा ४८ चौरस मीटर. टाकी फार उंच किंवा फार पसरट केली तर पत्रा वाढतच जातो, त्यामुळे हे किमानच मूल्य आहे.

इथे लॅम्डा १ येतो, आणि उत्तर मिळाले म्हणून तो सोडून देणे योग्य नाही. घनफळ एक घनमीटरने वाढवले तर पत्रा सुमारे एक चौरस मीटरने वाढेल, असे तो सांगतो. ३३ घनमीटरला प्रत्यक्षात सुमारे ४८.९९ चौरस मीटर लागतो. अर्थशास्त्रात हीच बंधनाची छाया-किंमत.

या रीतीने केवळ संभाव्य बिंदू मिळतात. ते कमाल की किमान, हे वेगळे तपासावे लागते. ‘इतके किंवा त्याहून कमी’ अशा बंधनांसाठी कारुश (१९३९) आणि कुन व टकर (१९५१) यांनी तिचा विस्तार केला. तिथे मर्यादा पूर्ण वापरली गेली नाही, तर तिचा गुणक शून्य असतो.