हरित पार्श्वपट आणि हिरवा चुडा

संयुक्त व्यक्तिचित्रासाठी व्यक्तीचे छायाचित्र एकरंगी पटासमोर घेतात. पुढे त्या रंगाचा भाग संगणकाद्वारे वगळून तेथे दुसरे दृश्य बसवितात. पट बहुधा हिरवा असतो. मानवी त्वचेत हा रंग प्रबळ नसतो. शिवाय ब्राइस बेयर यांना १९७६ साली एकस्व मिळालेल्या आणि आज बहुतेक कॅमेऱ्यांत असलेल्या रचनेत दर चार संवेदकांपैकी दोन हरित प्रकाश टिपतात. त्यामुळे कडा स्वच्छ मिळतात.

परंतु ही निवड सर्व वेषांना मानवत नाही. वाशीम जिल्ह्यात, महाराष्ट्रात अन्यत्राप्रमाणेच, नववधूच्या हातांत हिरवा चुडा असतो. संगणक रंग ओळखतो, अर्थ नव्हे. पटाबरोबर चुडाही लुप्त होतो आणि सौभाग्यचिन्हच चित्रातून जाते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र होय. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक वेषात आरसे जडविलेले असतात. पट पायांखालीही पसरला असेल, तर खाली कललेले आरसे तोच रंग परावर्तित करतात व वस्त्रात छिद्रे दिसतात.

म्हणून चुडा असता निळा पट घ्यावा. आरसे असता पट केवळ पाठीमागे, दोन-तीन मीटर अंतरावर ठेवावा. पटाचा रंग वेषावरून ठरवावयाचा असतो, वेष पटावरून नव्हे.