शीरखुर्म्यातलं पथ्य

सांगवीत मगरिबची अजान झाली, की दस्तरखानावर पहिला हात जातो तो खजुराकडे. किडनीच्या रुग्णाला मात्र नेमकं तिथेच थांबावं लागतं. 100 ग्रॅम खजुरात साधारण 650 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. तेवढ्याच शिजलेल्या पांढऱ्या भातात किंवा मुलांसाठी केलेल्या साध्या पास्त्यात 50 च्या आत. दुबळ्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते रक्तात वाढलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात.

म्हणूनच 'कोंड्यासकट खा' हा एरवीचा सल्ला इथे बऱ्याचदा उलटतो. हलीममध्ये गहू, डाळी आणि मटण एकत्र येतात; ते जपूनच. शीरखुर्म्यातल्या शेवयांची फारशी भीती नाही. हात आखडायचा तो दूध, खारीक आणि सुक्या मेव्याला. मधुमेह असेल तर साखरेलाही. नेमकं प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील.

कुरआनने आजारी माणसाला रोज्यातून सवलत दिली आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण द्यावं. त्याला फिदिया म्हणतात. तरीही अनेक बुजुर्ग ही सवलत घ्यायला संकोचतात. त्यांचा बिनखारकेचा वाडगा स्वयंपाकघरात नव्हे, सगळ्यांसोबत दस्तरखानावरच ठेवावा.