दोन क्लोराइडांचे औषध

सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाची ओळख सहसा योगायोगाची गोष्ट म्हणून करून दिली जाते. अमेरिकेत शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग विजेचा जिवाणूंवरचा परिणाम तपासत होते. ई. कोलाय जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते धाग्यासारखे लांबत गेले. कारण वीज नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडपासून द्रावणात तयार झालेली संयुगे होती. हे १९६५ साली प्रसिद्ध झाले. पण योगायोगामुळे औषध कसे सापडले एवढेच कळते. ते काम का करते, हे कळत नाही. सिसप्लॅटिन हा पिवळा पदार्थ इटालियन रसायनज्ञ मिकेले पेरोने यांनी शतकाहून अधिक काळ आधीच बनवला होता. माझ्या मते त्याची खरी गोष्ट प्लॅटिनमइतकीच त्याला चिकटलेल्या दोन क्लोराइडांची आहे.

रक्तात क्लोराइड भरपूर असते, म्हणून तिथे रेणूतले क्लोराइड सहसा सुटत नाहीत. पेशीत ते फार कमी; तिथे क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी येते आणि प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिनना जखडते. डीएनए वाकतो, पेशी मरते. औषध सलाइनमध्ये मिसळून देतात तेही याचसाठी: नुसत्या ग्लुकोजच्या पाण्यात ते टिकत नाही. कोणी म्हणेल, ट्रान्सप्लॅटिन या त्याच्याच अणूंच्या वेगळ्या मांडणीतही दोनच क्लोराइड आहेत, मग ते निरुपयोगी का? कारण तिथे ते समोरासमोर असतात. शेजारच्या दोन ग्वानिनना एकदम पकडायला सुटणाऱ्या दोन्ही जागा एकाच बाजूला लागतात. सुटणे आणि जागा, दोन्ही जुळावे लागतात.

हेच सुटणे मूत्रपिंडालाही भोवते. म्हणून औषधाआधी आणि नंतर भरपूर सलाइन देतात. मग क्लोराइडऐवजी हळू सुटणारा गट जोडलेले कार्बोप्लॅटिन सगळीकडे का वापरू नये? मूत्रपिंडाला ते सौम्य आहे हे खरे, पण प्लेटलेट अधिक कमी करते, आणि वृषणाच्या कर्करोगात तुलनेत कमी पडले. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सिसप्लॅटिनने याच आजारात शरीरभर पसरलेल्या रोगाचेही बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. मात्रा कमी करून दुष्परिणाम टाळणेही सोपे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम (शरीराच्या दर चौरस मीटरमागे) दिल्यावर दोन वर्षांनी ५८.५ टक्के रुग्णांत रोग आटोक्यात होता. तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम दिल्यावर ७३.१ टक्के. मात्र तीव्र दुष्परिणामही मोठ्या मात्रेतच जास्त दिसले.