क्वाथ, उष्णता आणि तापमान

ज्वाला मोठी केली म्हणजे काढा अधिक तापतो, असा समज आपल्या व्यवसायबंधूंतही आढळतो. उष्णता व तापमान यांतील भेद जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात स्पष्ट केला; आम्हांस तो क्वाथाच्या पातेल्यात अधिक चांगला दिसतो. शार्ङ्गधरोक्त प्रमाणाने ५० ग्रॅम भरडीस ८०० मि.ली. पाणी घालून १०० मि.ली. शेष ठेवावयाचे. ३० अंशांचे हे पाणी उकळीस येण्यास सुमारे ५६ किलोकॅलरी लागतात. पुढे ७०० मि.ली. आटविण्यास सुमारे ३८०. जवळजवळ सातपट उष्णता शोषली जाते आणि तापमापी मात्र शंभराच्या आसपासच! ही ऊर्जा जलकणांस परस्परांपासून विलग करण्यात खर्ची पडते व वाफेबरोबर निघून जाते. (वाफेने भाजणे उकळत्या पाण्याहून घातक का, हेही यातच आले.) मोठ्या आचेने वाढतो तो आटण्याचा वेग, द्रव्यातील सार उतरण्यास मिळणारा काळ घटतो, बुड करपते ते वेगळेच. ग्रंथातील मृदू अग्नी म्हणजे कमी तापमान नव्हे, अधिक अवधी. प्रेशर कुकरमध्ये मात्र तापमान खरोखरच १२० अंशांपर्यंत चढते. तो काढा शास्त्रोक्त क्वाथ म्हणून रुग्णास देऊ नये, असे आमचे मत आहे.